‘आपोआप’ सुरू होणाऱ्या कम्प्युटरची कागदपत्रं

एएमडी या अमेरिकी कंपनीचा नोव्हेंबर १९९५चा एक तांत्रिक कागद आजही वाचायला मिळतो. प्रकाशन क्रमांक २०२१३, मथळा ‘मॅजिक पॅकेट टेक्नॉलॉजी’. पानं मोजकीच, भाषा रुक्ष. अमरावतीच्या कॅम्पात किंवा अकोल्याच्या जठारपेठेत एखाद्या घरातला कम्प्युटर रात्री दोनला कुणी हात न लावता सुरू होतो आणि सकाळी घरचे म्हणतात, ‘आपोआप चालू झाला होता.’ त्या रात्रीचं मूळ पुष्कळदा या कागदात सापडतं. व्हायरस आणि खराब एसएमपीएस हे दुरुस्तीच्या टेबलावरचे नेहमीचे संशयित. त्यांची पाळी नंतरची. यंत्राला कुणी उठवलं हे आधी कागदांना विचारावं.

एएमडीने हे तंत्र एचपीच्या साथीने घडवलं. कागद सांगतो ते असं. कम्प्युटर झोपला तरी त्याचं नेटवर्क कार्ड जागं ठेवायचं. तारेवरून जाणारा प्रत्येक संदेश ते चाळत राहील, पण शोधेल एकच मजकूर: आधी सहा वेळा ‘एफएफ’ हा बाइट, आणि त्यामागोमाग त्या कार्डाचा स्वतःचा सहा बाइटांचा पत्ता, मध्ये खंड न पडता सोळा वेळा. सहा अधिक शहाण्णव, एकूण १०२ बाइट. ही मालिका संदेशात कुठेही असली तरी चालते, संदेश कोणत्या पद्धतीने आला याचंही बंधन नाही. मालिका जुळली की कार्ड मदरबोर्डला खूण करतं आणि यंत्र उठतं. १९९५च्या या रचनेत परवलीचा शब्द नाही आणि पाठवणारा कोण याची चौकशीही नाही.

सोळा वेळांचा आग्रह लक्षात ठेवण्यासारखा आहे. एवढी लांब मालिका रोजच्या वाहतुकीत योगायोगाने तयार होणं जवळजवळ अशक्य. म्हणजे यंत्र अशी मालिका असलेल्या संदेशाने, खऱ्या मॅजिक पॅकेटने, उठलं असेल, तर तो कुणीतरी, निदान कुठल्यातरी प्रोग्रामने, मुद्दाम पाठवलेला असतो. तपासात या एका गोष्टीने अर्धं काम होतं.

हा कागद लिहावा का लागला? त्याचं उत्तर तीन वर्षं मागच्या कागदांत आहे. जून १९९२मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने एनर्जी स्टार ही योजना आणली. काम नसताना झोपी जाऊन ३० वॉट किंवा त्याहून कमी वीज घेणाऱ्या कम्प्युटरला तिचं चिन्ह लावता येई. एप्रिल १९९३मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांचा १२८४५ क्रमांकाचा आदेश निघाला: सरकारी खात्यांनी कम्प्युटर घ्यायचे ते एनर्जी स्टारचेच. एवढा मोठा गिऱ्हाईक अडून बसल्यावर कारखाने झटपट वळले आणि कचेऱ्यांमधले कम्प्युटर रात्री झोपू लागले. अडचण झाली ती रात्रपाळीत बॅकअप घेणाऱ्या, नवे प्रोग्राम चढवणाऱ्या सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची. तो शेकडो टेबलांपाशी जाऊन बटनं दाबणार नव्हता. एएमडीचा कागद वाचताना डोळ्यांसमोर हाच माणूस ठेवावा लागतो. घर त्या कागदाच्या विचारातच नाही.

वऱ्हाडातल्या घरी तर तेव्हा नेटवर्क नावाची वस्तूच नव्हती. भारतात व्हीएसएनएलने सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं १५ ऑगस्ट १९९५ला, तेही आधी मोठ्या शहरांत. बीएसएनएलचं ब्रॉडबँड जानेवारी २००५मध्ये सुरू झालं. एक कम्प्युटर, एक मोडेम, एवढ्यावरून टीव्ही, प्रिंटर, चार मोबाइल आणि राउटर असं घरगुती नेटवर्क उभं राहायला पुढची कित्येक वर्षं गेली. उठवण्याचं तंत्र घरात आधी येऊन बसलं, उठवणारे मागून आले.

मात्र सामाईक तारेवरून पत्ता पुन्हापुन्हा उच्चारून एकालाच उठवायचं, ही कल्पना वऱ्हाडाला नवी नव्हती. जीआयपी रेल्वे १८६७मध्ये भुसावळहून अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली आणि रुळांच्या कडेने तारही गेली. एकाच तारेवर अनेक स्टेशनं जोडलेली. खटका कुठूनही दाबला तरी सगळीकडची यंत्रं टिकटिकत. प्रत्येक स्टेशनाची हाक ठरलेली होती: अकोल्याची ‘एके’, मूर्तिजापूरची ‘एमझेडआर’, बडनेऱ्याची ‘बीडी’, अमरावतीची ‘एएमआय’. रेल्वेच्या तिकिटावर आजही छापली जाणारी ही अक्षरं त्याच तारव्यवहाराची शिल्लक आहे. उत्तर येईपर्यंत हाक परतपरत वाजवायची आणि अकोल्याच्या तारमास्तराने ‘एके, एके, एके’ ऐकलं की खुर्ची पुढे ओढायची. फरक एवढाच की तारमास्तराला हाक देणाऱ्याने आपलीही खूण द्यावी लागे, आणि शंका आली तर तो उलट विचारू शके. एएमडीच्या कार्डाला ती सोय दिलेली नाही.

आता ‘बंद’ या अवस्थेचे कागद. जुन्या एटी पद्धतीच्या कम्प्युटरमध्ये समोरचं बटन थेट मुख्य वीज तोडत असे. खट्ट झालं की आत काही जिवंत राहत नसे. इंटेलने जुलै १९९५मध्ये एटीएक्स ही रचना जाहीर केली आणि बटनाचं काम बदललं: ते वीज तोडत नाही, मदरबोर्डला फक्त विनंती करतं. बोर्डाला ती विनंती ऐकू यावी म्हणून पाच व्होल्टचा एक बारीक पुरवठा कायम चालू असतो. कम्प्युटर ‘बंद’ असताना मागच्या नेटवर्कच्या खाचेशी हिरवा किंवा पिवळा दिवा लुकलुकताना दिसतो, तो याच पुरवठ्यावर. डिसेंबर १९९६मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय नावाचा दस्तऐवज काढून या अवस्थांना रीतसर नावं दिली. एस-३ म्हणजे मेमरी जागी ठेवून झोप. एस-४ म्हणजे सगळं डिस्कवर उतरवून झोप. एस-५ म्हणजे आपण ज्याला शटडाउन म्हणतो ते, आणि त्याला दस्तऐवजातच ‘सॉफ्ट ऑफ’ म्हटलंय. खरं बंद, म्हणजे भिंतीवरचा खटका खाली, ही त्यात वेगळी अवस्था आहे.

ऑक्टोबर १९९६मध्ये इंटेल आणि आयबीएम यांनी मिळून एक आघाडी केली आणि एप्रिल १९९७मध्ये तिने ‘वेक-ऑन-लॅन’ हे नाव बाजारात आणलं. त्या काळच्या मदरबोर्डांवर तीन पिनांची एक छोटी खाच दिसते. नेटवर्क कार्डापासून तिथपर्यंत एक वायर स्वतंत्रपणे जोडावी लागे, नाहीतर कार्डाने कितीही हाका ऐकल्या तरी बोर्डाला पत्ता लागत नसे. कम्प्युटर जुळवणाऱ्या माणसाला ती वायर आठवणीने लावावी लागे, म्हणजे यंत्र उठवण्याला कुणीतरी हाताने होकार द्यावा लागे. डिसेंबर १९९८च्या पीसीआय २.२ या नियमावलीने उठवण्याची खूण आणि त्यासाठीची वीज कार्डाच्या खाचेतूनच देऊ केली. वायरीची गरज संपली. पुढे कार्ड स्वतःच बोर्डावर चढलं आणि खाचही गेली. माझ्या मते घरगुती उपद्रवाचा खरा आरंभ एएमडीच्या १९९५च्या कागदात नसून या वायरीच्या जाण्यात आहे. त्यानंतरची प्रत्येक सुधारणा सोयीचीच होती, पण प्रत्येकीने कुणीतरी ‘हो’ म्हणण्याची एकेक जागा पुसली. अमरावतीच्या राजकमल चौकातल्या दुकानात जुळवून घेतलेला असेंबल्ड कम्प्युटर असो की कंपनीचा तयार, रात्री उठण्याची मुभा त्याला कुणी दिली असं आज विचारलं तर कोणतंही नाव घेता येत नाही.

विंडोजच्या खिडक्यांतल्या ओळीही कागदपत्रंच आहेत. विंडोज एक्सपीमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर एक चौकट असे: ‘ओन्ली अलाऊ मॅनेजमेंट स्टेशन्स टू ब्रिंग द कम्प्युटर आउट ऑफ स्टँडबाय’. ही कसली मॅनेजमेंट स्टेशनं, हे घरच्या माणसाला कळायचं काही कारण नव्हतं. कचेरीची भाषा जशीच्या तशी घरात आली होती. नंतर तीच चौकट सुधारून ‘ओन्ली अलाऊ अ मॅजिक पॅकेट टू वेक द कम्प्युटर’ अशी झाली. तिच्यात खूण नसेल तर कार्ड मॅजिक पॅकेटखेरीज इतर ठरावीक नमुन्यांवरही यंत्र उठवतं. या नावाचा कम्प्युटर कोणता, ही नेटबायोसची पृच्छा हा एक नमुना. या यंत्राशी जोडणी करायची आहे, ही टीसीपीची पहिली विनंती हा दुसरा. १०२ बाइटांच्या मालिकेत जी सावधगिरी होती ती इथे पार सैल झाली.

अभियंत्यांनाही हे जाणवलं होतं, त्याचा पुरावा विंडोज ७ देतो. अमुक आयपी पत्ता कुणाचा, ही एआरपीची विचारणा घरगुती नेटवर्कवर सतत चालू असते. तिची व्याख्या डेव्हिड प्लमर यांच्या नोव्हेंबर १९८२च्या आरएफसी ८२६ या टिपणात आहे. विंडोज ७पासून या विचारणेला कार्डानेच परस्पर उत्तर द्यायची सोय झाली, म्हणजे तेवढ्यासाठी यंत्र उठवायला नको. पण जोडणीची विनंती आली तर ते उठतंच. बैठकीतल्या टीव्हीने सिनेमांचं सामाईक फोल्डर शोधलं, प्रिंटरच्या सोबतच्या प्रोग्रामने दार ठोठावलं, मोबाइलवरच्या एखाद्या अ‍ॅपने घरातली सगळी यंत्रं मोजायला घेतली, तरी तेवढं पुरतं.

इथवर सार्वजनिक कागद. पुढची साधनं खुद्द कम्प्युटरच्या पोटात आहेत, आणि ती वाचताना इतिहासकाराचीच शिस्त लागते.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टीमच्या नोंदींत ‘पॉवर-ट्रबलशूटर’, क्रमांक १, ही नोंद शोधावी. तिच्यात झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ आणि ‘वेक सोर्स’ असतो. सोर्समध्ये नेटवर्क कार्डाचं नाव असेल तर हाक तारेवरून आली. ‘टायमर’ असेल तर आतल्याच एखाद्या ठरवून ठेवलेल्या कामाने, बहुधा अपडेटने, उठवलं. नेटवर्कचा त्यात काही दोष नाही. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘पॉवर-सीएफजी’ ही आज्ञा ‘लास्टवेक’ जोडून दिली तरी उत्तर मिळतं, पण ते फक्त शेवटच्या उठण्याचं. सकाळी तुम्ही कीबोर्ड दाबून यंत्र उठवलं असेल, तर रात्रीची साक्ष या आज्ञेपुरती पुसली गेली. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मात्र ती राहते. तीही कायमची नाही. वही ठरावीक आकाराची असते आणि भरली की जुनी पानं खोडून नवी लिहिली जातात. तक्रार उद्भवली की त्याच आठवड्यात नोंदी काढून ठेवाव्यात.

वेळ वाचण्यात एक खोच आहे. या नोंदीच्या तपशिलात वेळेच्या शेवटी ‘झेड’ हे अक्षर दिसतं. ती ग्रिनिचची वेळ. २०:४७ झेड दिसलं की त्यात साडेपाच तास मिळवायचे: अकोल्यात तेव्हा दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे २:१७ झालेले असतात. तारीखही बदलते. पेशवेकालीन पत्रावरचा शुहूर सन आणि चंद्र जंत्री उघडल्याशिवाय इंग्रजी तारखेत मांडू नये, हे इतिहासकार राजवाड्यांच्या वाटेने गेलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. इथे जंत्री एका बेरजेची आहे, एवढंच. शिवाय बोर्डावरचा सीआर-२०३२ हा गोल सेल संपला असेल, तर वीज गेल्यावर कम्प्युटरचं घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षात जातं आणि नोंदींचा क्रमच विस्कटतो. तेव्हा तारखेवर नव्हे, नोंदींच्या क्रमांकावर भिस्त ठेवावी.

क्रमांक १ची नोंदच नसेल तर? मग कम्प्युटर झोपेतून उठला नाही, तो नव्याने सुरू झाला. ‘कर्नेल-जनरल’ १२ ही सुरुवातीची नोंद, आणि ‘कर्नेल-बूट’ २७ हे सुरू होण्याचा प्रकार सांगतं. शेजारी ‘कर्नेल-पॉवर’ ४१ किंवा ६००८ दिसलं, तर त्याआधी यंत्र नीट बंद झालेलं नव्हतं. बहुधा लाईन गेली होती.

आणि वऱ्हाडात लाईन हा संशयित बाजूला ठेवून चालत नाही. ६ जून २००५ला वीज मंडळाची फोड होऊन महावितरण झालं. त्यानंतरच्या वर्षांत गळती आणि वसुलीच्या हिशेबाने भागांचे गट पाडून भारनियमन होई, त्या काळात घेतलेली यंत्रं आणि तेव्हा लागलेल्या सवयी अजून आहेत. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा ‘एसी बॅक’ असा एक पर्याय असतो. तो ‘पॉवर ऑन’वर ठेवलेला असला, तर लाईन परत येताच कम्प्युटर स्वतःहून सुरू होतो. नीट शटडाउन करून ठेवलेला असला तरी होतो, आणि तेव्हा ४१ची नोंदही सापडत नाही. मे महिन्यात कूलरच्या आवाजात झोपलेल्या घराला लाईन पाच मिनिटं गेल्याचा पत्ताही नसतो. सकाळी दिसतो तो चालू कम्प्युटर, आणि आळ येतो नेटवर्कवर. पडताळ्याला राउटरच्या पानावरचा ‘अपटाइम’ उपयोगी पडतो. सकाळी सातला तो चार तास त्रेचाळीस मिनिटं दाखवत असेल, तर २:१७ला राउटरही नव्यानेच सुरू झाला होता, म्हणजे लाईन आली होती. मात्र राउटर इन्व्हर्टरवर असेल तर ही साक्ष निकामी. आणि राउटरच्या स्वतःच्या नोंदी बहुधा मेमरीतच असतात. वीज जाताच त्या नष्ट होतात.

शटडाउननंतरही नेटवर्कवरून सुरू होणाऱ्या यंत्राबाबत मायक्रोसॉफ्टची भूमिका लेखी आहे. विंडोज ८पासून शटडाउन करताना विंडोज नेटवर्क कार्डाला उठवण्यासाठी सज्ज ठेवत नाही. कारण असं दिलंय की बंद केलेलं यंत्र वीज खाणार नाही आणि नको तेव्हा उठणार नाही, अशी लोकांची अपेक्षा असते. म्हणून अशा घरी बोट विंडोजकडे नको, कार्डाच्या ड्रायव्हरकडे आणि बायोसकडे वळवावं. रिअलटेकच्या ड्रायव्हरमध्ये ‘शटडाउन वेक-ऑन-लॅन’ नावाची वेगळी ओळ असते, ती बंद करता येते. लिनक्सवाल्यांनी ‘ईथटूल’ला विचारावं: ‘वेक-ऑन’पुढे ‘जी’ असेल तर मॅजिक पॅकेट चालतो, ‘डी’ असेल तर काहीच चालत नाही.

हाक देणारा कोण, हे शोधायचं असेल तर झोपलेल्या यंत्राला विचारून उपयोग नाही. मॅजिक पॅकेट सहसा सगळ्यांना उद्देशून पाठवला जातो, म्हणून घरातल्या दुसऱ्या कम्प्युटरवर वायरशार्क हा नेटवर्कवरची वाहतूक टिपणारा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवला तर तो तिथेही पकडता येतो. बहुतेकदा तो यूडीपीच्या ९ क्रमांकाच्या दारावर येतो. हे दार जॉन पोस्टेल यांच्या मे १९८३च्या आरएफसी ८६३ने ‘आलेलं सगळं टाकून द्या’ या कामासाठी राखलेलं आहे. ते इथे वापरतात कारण तिथून काही उत्तर येण्याची भानगड नाही. पाठवणाऱ्याच्या पत्त्यातले पहिले तीन बाइट बनवणाऱ्या कंपनीचे असतात, त्यावरून टीव्ही की प्रिंटर हे ओळखू येतं. मोबाइल सापडणं अवघड, कारण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४पासून ते वाय-फायवर बनावट पत्ता घालून वावरतात. बाहेरचा चोर हा संशय मी शेवटी ठेवतो. ऑगस्ट १९९९च्या आरएफसी २६४४नंतर राउटर अशा सर्वांसाठीच्या हाका बाहेरून आत येऊ देत नाहीत. त्या आल्या तर घरच्याच कुणीतरी राउटरमध्ये पोर्ट उघडून ठेवलेलं असतं.

आता उपाय, क्रमाने: आधी ‘ओन्ली अलाऊ अ मॅजिक पॅकेट’वर खूण. उठणं थांबलं, तर दोषी नमुना होता. थांबलं नाही, तर कुणीतरी मुद्दाम हाक देतोय. घरात विचारावं, पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाने रात्री घरची फाइल काढायला ही सोय लावलेली असू शकते. कुणालाच नको असेल तर ‘अलाऊ धिस डिव्हाइस टू वेक द कम्प्युटर’ ही चौकटच मोकळी करावी. त्याहून कडक इलाज बायोसमध्ये ‘ईआरपी’ या नावाने असतो. तो युरोपीय संघाच्या १२७५/२००८ या नियमातून आला. बंद यंत्राने जानेवारी २०१०पासून एक वॉट आणि जानेवारी २०१३पासून अर्ध्या वॉटहून जास्त वीज घेऊ नये, असं त्यात ठरलं. हा पर्याय चालू केला की शटडाउननंतर नेटवर्क कार्डाची वीजच तुटते आणि मागचा दिवा विझतो. गिगाबाइटच्या मदरबोर्डांचं मॅन्युअल त्याची किंमतही सांगतं: वेक-ऑन-लॅनसोबत कीबोर्ड किंवा माऊस दाबून यंत्र सुरू करायची सोयही बंद होते. म्हणजे टेबलाखाली वाकून बटन दाबावं लागेल.